तीन भिंतींचं घर

माझ्या आईनं तीस-पस्तीस वर्षं भिंतीला एकही खिळा न मारता संसार केला. दाजीबानपेठेच्या मागच्या बोळात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरमालक तसा बरा माणूस. भाडं चार दिवस उशिरा दिलं तरी तोंड वाकडं करायचा नाही, पाहुणे आठवडाभर राहिले तरी विचारायचा नाही. पण भिंतीला खिळा मारायचा नाही, ही त्याची अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जुन्या चुन्याच्या भिंती, एक खिळा मारला की हातभर गिलावा खाली येतो, असं त्याचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. पण त्यामुळे आमचे देव ट्रंकेवर, कॅलेंडर दाराच्या कडीला आणि अप्पांची टोपी कायम खुर्चीच्या पाठीवर. आईनं कितीदा तरी मालकाला विचारून बघितलं होतं, निदान देवांच्या तसबिरीपुरता एक खिळा मारू का म्हणून. तो हात जोडून म्हणायचा, "वैनी, तेवढं सोडून काय पण मागा."

घर म्हणजे काय, असं कुणी आईला विचारलं असतं तर तिनं हॉल-किचन सांगितलं नसतं. खिळा मारता येईल अशी भिंत, एवढंच तिचं घर होतं.

अप्पा कापडाच्या दुकानात गुमास्ता. त्या दुकानातले आणि आजूबाजूच्या पेढ्यांवरचे नोकर मिळून दहाबारा घरं एका भिशीत होती. बहुतेक आमच्यासारखी, कोल्हापूर-निपाणीकडून दोन पिढ्यांपूर्वी हुबळीत आलेली. काही कन्नड बोलणारी. भिशीवर आमच्या लोकांचा जेवढा विश्वास, तेवढा बँकेवर नाही आणि खरं सांगायचं तर देवावरही नाही. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे, ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची. लग्नं, बाळंतपणं, मुलांच्या फिया, सगळं भिशीवर तरून जायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला या मंडळींनी तारिहाळच्या रस्त्याला एक जमिनीचा तुकडा मिळून घेतला. तेव्हा तिकडे जायला माणसं घाबरायची, इतकं ओसाड. जमीन रीतसर बिनशेती करून घेतली, त्यासाठी मीच भांडले होते. मी तेव्हा धारवाडला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. बिनशेती न करता घेतलेल्या प्लॉटांची किती भांडणं कोर्टात येतात, हे माझ्या बोटांना पाठ होतं. प्रत्येकाच्या वाट्याला एक अरुंद पट्टी आली. जमीन झाली, पण घर बांधायला पैसा कुणाकडेच नव्हता.

तेव्हा आमच्या दिवाणजींनी तोडगा काढला. दिवाणजी म्हणजे दुकानाचे हिशेब बघणारे वयस्क गृहस्थ आणि भिशीचे प्रमुख. ते म्हणाले, घराचीच भिशी करू. मोठी वर्गणी, वर्षात एक-दोन घरं. ज्याचा नंबर त्यानं रक्कम उचलायची आणि बांधायला काढायचं. "भिशी कधी बुडाली आहे का?" असं त्यांनी विचारलं. कुणाच्याच आठवणीत बुडाली नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाडव्याला दुकानात वहीपूजन झालं आणि त्याच पाटावर सगळे नंबर एकदमच काढले. आमचा तिसरा आला. आईनं घरी आल्या आल्या अप्पांना पेढे आणायला पाठवलं. शेवटचा नंबर अक्कांचा आला.

अक्का म्हणजे दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसणाऱ्या शिंप्याची बायको. कन्नड बोलणाऱ्या, पण दाजीबानपेठेत जन्म गेल्यामुळे मराठी आमच्याइतकीच. आमच्या बोळाच्या तोंडाशी, एका माडीवरच्या खोलीत त्या राहायच्या. दोघंच जण. आईला त्या वैनी म्हणायच्या आणि आई त्यांना अक्का. वयानं कोण मोठं, हे दोघींनी कधी तपासलं नव्हतं.

दुसरं घर बांधून होत आलं आणि अक्कांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. माडीचा जिना लाकडी, शिडीसारखा उभा. दवाखान्यात न्यायचं म्हणजे चार माणसांनी खुर्चीत बसवून उतरवायचं. एकदा तसं उतरवताना आईनं बघितलं. खुर्चीत बसलेला तो माणूस डाव्या हातानं चेहरा झाकून घेत होता, बोळातल्या लोकांनी बघू नये म्हणून.

आमच्या भिशीत एक रीत आहे. कुणाला फार नड आली तर ज्याचा नंबर जवळ आहे तो आपण होऊन बदलून देतो. मागायचं नसतं, आणि दिल्यावर त्याचा उच्चार करायचा नसतो. आईनं त्याच आठवड्यात दिवाणजींना निरोप धाडला की तिसरा नंबर अक्कांना द्या, आम्ही शेवटी घेतो.

मी भडकले. माझा स्वभाव तसा फटकळच, त्यात तेव्हा वय तिशीच्या आतलं. "स्वतःला एक खिळा मारायला भिंत नाही, आणि दानधर्म कर्णाचा!" असं मी म्हणाले. आई तांदूळ निवडत होती. ती आमच्याकडच्या बायकांच्या 'करतो-जातो'च्या बोलीत म्हणाली, "मी हिंडतो-फिरतो की. त्यांना जिना उतरायला येईना झालंय." अप्पा टोपी हातात घेऊन नुसते बसले होते. मग मला म्हणाले, "भिशी आहे गं. पहिला काय, शेवटचा काय, रक्कम तेवढीच मिळती."

इथंच तर सगळे चुकले होते, दिवाणजींसकट. रक्कम तेवढीच राहते, सिमेंट तेवढंच राहत नाही.

पहिल्या तीन घरांना स्लॅब पडले, पुढं ओटा झाला, अक्कांनी तर दाराला नक्षी पण करून घेतली. पाचव्या-सहाव्या घरापासून एकेक खोली कमी व्हायला लागली. लोखंड वाढलं, वाळू वाढली, गवंड्याची मजुरी वाढली. वर्गणी वाढवायची म्हटलं तर कुणाच्या घरी लग्न, कुणाची दुकानातली नोकरी गेलेली. दुकानाची नवी पिढी रेडिमेड कपड्यांकडे वळली होती आणि ताग्यावर तागा उलगडून दाखवणाऱ्या माणसांची गरज कमी होत होती. तरी प्रत्येकानं आपली वर्गणी शेवटपर्यंत घातली. त्याबद्दल कुणाला नाव ठेवायला जागा नाही. आमचा नंबर येईस्तोवर दोन हजार साल उलटलं होतं आणि त्या रकमेत पाया आणि फार तर दोन भिंती उठल्या असत्या. कुणी बुडवलं नव्हतं, तरी आई बुडाली होती.

दिवाणजी आमच्या घरी आले, ट्रंकेवरच्या देवांपुढे बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती कीव. आयुष्यभर ज्यांचा हिशेब चुकला नाही, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की घर ही लुगड्यासारखी एका भावात राहणारी वस्तू नव्हे. तसं लुगडंही कुठं राहतं म्हणा!

त्यातच घरमालकानं निरोप दिला: जुनी इमारत पाडून दुकानांचे गाळे काढायचे आहेत, दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी.

मग मी शोधायला निघाले. काय शोधायचं हेच आधी माहीत नव्हतं. आमच्यासारख्या माणसानं कमी पैशात घर कसं बांधावं, हे सांगणारं या दोन गावांत कुणीतरी असेलच, एवढ्याच भरवशावर. सकाळी धारवाडच्या बसला बसायच्या आधी एक ऑफिस आणि संध्याकाळी उतरल्यावर, उघडं असलं तर, दुसरं.

बँकेत गेले. तिथल्या माणसानं नीट बसवून घेतलं, चहा पाजला आणि अप्पांचं पगारपत्रक मागितलं. दाजीबानपेठेत पगारपत्रक! शेठ संध्याकाळी गल्ल्यातून काढून हातावर ठेवायचे आणि वर हात जोडायचे. ते जोडलेले हात कुठल्या कागदावर आणायचे? माझा पगारही वकील तसाच द्यायचे. ते दुसऱ्यांची कागदपत्रं करण्यात गुंतलेले असायचे.

मग सरकारी घरकुलाच्या ऑफिसात. तिथला कारकून वाईट नव्हता, पण त्याला दोनच शब्द येत असावेत: "नाळे बर्री." उद्या या. मी उद्या गेले, परवा गेले. शेवटी त्यानं खरं काय ते सांगितलं. ज्यांच्याकडे जागासुद्धा नाही त्यांची एक योजना आहे, ज्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला आहे त्यांची दुसरी. तुमच्याकडे जागा आहे आणि दाखला नाही. "म्हणजे आम्ही कुणीच नाही का?" मी कन्नडमधून विचारलं. तो ओशाळून हसला, आणि जाताना मला एक पत्ता नाही पण एक दिशा दिली. म्हणाला, विद्यानगरात इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे ना, तिथं एक मास्तर स्वस्त घराचं वेड घेऊन बसलाय, त्याला भेटा. आम्ही त्याला हसतो, पण भेटा.

ते मास्तर कॉलेजच्या मागच्या आवारात भेटले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हाताला माती. विद्यार्थ्यांकडून ते तऱ्हेतऱ्हेच्या भिंती बांधून घेत आणि त्यावर पाणी मारून, वजन ठेवून बघत. मी माझी कर्मकहाणी सांगितली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी दाखला न मागता विचारलं, "तुमच्याकडे आहे काय काय?"

या प्रश्नानं मी गडबडले. काय नाही, ते सांगायचीच सवय लागली होती. मी म्हणाले, जागा आहे, भिशीची रक्कम आहे आणि खिळा मारायची हौस असलेली आई आहे. ते हसले आणि म्हणाले, रविवारी येतो.

रविवारी ते स्कूटरवर तारिहाळच्या रस्त्याला आले. आमची पट्टी सगळ्यात शेवटची, अक्कांच्या घराला लागून. त्यांनी एक कुदळ मारली आणि काळी माती हातात चुरली. हुबळीची ही माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते. वरवर पाया घेतला तर भिंत चार वर्षांत तडकणार. खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं, तर रक्कम जमिनीतच पुरायची. "तुमचे पैसे घर खात नाही, पाया खातो," ते म्हणाले. मग ते अक्कांच्या भिंतीजवळ गेले. पट्टी अरुंद म्हणून अक्कांनी ती भिंत बरोबर हद्दीवर बांधली होती, तिला खिडकी नव्हती. त्यांनी बुडाशी थोडं खणून बघितलं. पाया मुरमापर्यंत गेलेला, दगडी, भक्कम. तेव्हा सिमेंट स्वस्त होतं ना.

ते उठून उभे राहिले आणि हात झटकत म्हणाले, "ही भिंत तुम्हाला मिळाली तर तीनच बांधायच्या. स्लॅब घालू नका, कौलं घाला. वजन कमी, ही भिंत आरामात पेलेल. तुमच्या रकमेत बसतं. फक्त शेजाऱ्यांची लेखी संमती लागेल, महापालिकेत द्यायला."

मी जवळजवळ पळतच घरी आले. आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी विचारणार नाही. तूपण विचारायचं नाहीस."

"का?"

"नंबर दिला होता. आता भिंत मागितली तर ती वसुली झाली."

मी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. अप्पांकडे बघितलं तर ते आईच्या बाजूचे. दिवाणजींना सांगितलं तर तेही म्हणाले, रीत आहे, मागायचं नसतं. या लोकांना बँक नाही म्हणाली, सरकार नाही म्हणालं, आणि आता जी एक गोष्ट हो म्हणू शकत होती तिला विचारायचंच नाही! अशी रीत चुलीत घालावी असं वाटलं. आणि तरीही, रागात असूनसुद्धा, आईचं म्हणणं मला कळत होतं, हीच खरी पंचाईत होती.

पण अक्कांनी रविवारी पुढच्या खिडकीतून सगळं बघितलं होतं. आपल्या भिंतीच्या बुडाशी कोण परका माणूस खणतोय म्हणून त्यांनी दोन दिवसांनी मला बसस्टॉपवर गाठलं आणि सरळ विचारलं. विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, एवढी रीत मलाही होती. मी मास्तर काय म्हणाले ते सांगितलं, आईचं म्हणणंही सांगितलं. अक्का ऐकत राहिल्या. ना हो, ना नाही. "बस आली बघ तुझी," एवढंच म्हणाल्या आणि वळून चालायला लागल्या.

तो आठवडा त्या फिरकल्या नाहीत. गरज सरो, वैद्य मरो, असं मी मनात कितीदा म्हटलं असेन. आईपुढे म्हणायची सोय नव्हती. आई भांडी बांधायला लागली होती. अप्पा जुन्या हुबळीत एका खोलीचं भाडं विचारून आले. खोली आमच्याहून लहान होती, आणि तिथल्या मालकानंही खिळ्याचं आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. अक्का उतरल्या, हातात हळदीकुंकवाची कोयरी. आत येऊन त्यांनी आईला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि कोयरीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. संमतीपत्र. खाली वेडीवाकडी सही.

"घर ह्यांच्या नावावर," त्या म्हणाल्या. "ह्यांना बोलता येत नाही, मला एकटीला हो म्हणता येत नाही. उजव्या हातात जीव नाही. म्हटलं, डाव्यानं करा. आठवडाभर पाटीवर गिरवून घेतलं बघ. हट्टी, अंगठा लावीन म्हणत नाहीत."

आईनं ओटीतला नारळ ट्रंकेवरच्या देवांपुढे ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. मग म्हणाली, "अक्का, मी मागितली नव्हती."

"मी पण कुठं नंबर मागितला होता?" अक्का म्हणाल्या. "वैनी, घरात येऊन इतकी वर्षं झाली, तुमचं नाव घेतलं नाही. रीत म्हणून. पण ही ग्वाडी, भिंत तरी घ्या आता. तेवढीच आहे आमच्याकडे द्यायला."

महापालिकेत ती सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून कागद परत आला. तेव्हा अक्कांच्या नवऱ्याला रिक्षातून ऑफिसात नेलं. साहेब बाहेर येऊन रिक्षाजवळ उभे राहिले आणि त्यांच्यादेखत त्यानं पुन्हा सही केली. या वेळी त्यानं चेहरा झाकला नाही. शेवटचं अक्षर काढून झाल्यावर त्यानं साहेबांकडे असं बघितलं, जसं कुणी परीक्षेचा पेपर देऊन बघावं. साहेबांनी तिथंच शिक्का मारला.

दिवाळीच्या आधी आम्ही राहायला गेलो. वर मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी, तीन बाजूंना आमच्या भिंती. अख्ख्या ओळीत स्लॅब नसलेलं आमचं एकटंच घर. त्याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं, पण उन्हाळ्यात सगळी ओळ आमच्याकडेच येऊन बसायची.

पहिल्याच दिवशी आईनं अप्पांकडून हातोडी घेतली आणि आमच्या तीन भिंतींना खिळे मारत सुटली. टोपीला, कॅलेंडरला, पिशवीला, आणि दोन-तीन नुसतेच, पुढं काहीतरी लागेल म्हणून. देवांच्या तसबिरीला मात्र जागा मिळेना. पूर्वेकडची भिंत, तीच नेमकी अक्कांची.

मी म्हणाले, मार की. आई हातोडी घेऊन उभी राहिली. मग तिनं हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर हळूच ठोकलं आणि मोठ्यानं विचारलं, "अक्का, मारू का हो एक?"

पलीकडून आवाज आला, "मारा की! विचारता काय!"

ती पद्धत मग पडूनच गेली. त्या भिंतीला आईनं पुढं किती खिळे मारले, दर वेळी आधी ठोकून विचारलं. अक्कांचा नवरा एकटा घरात असला तर तो डाव्या हातानं भिंतीवर थाप मारून हो म्हणायचा. मला या विचारण्याची चीड यायची. संमतीपत्र केलं, शिक्का झाला, कायद्यानं भिंत दोघांची झाली, मग आता कसलं विचारणं? एकदा मी तसं आईला बोलून दाखवलंच. म्हटलं, "त्या घरमालकाला जन्मभर विचारलंस, ते पुरे नाही झालं काय? स्वतःच्या घरात पण विचारतीस?"

आईच्या तोंडात खिळा धरलेला होता. तो काढून ती म्हणाली, "तो नाही म्हणायचा, तरी विचारायला लागायचं. ही हो म्हणते, म्हणून विचारतो की."

आणि तिनं भिंतीवर ठोकलं.